शुक्रवारचा दिवा
रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाचा वास आला की मला सोलापुरातल्या चित्रप्रदर्शनाला मुंबईहून आलेला तो परीक्षक आठवतो. मी आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरातली शुक्रवारची सांज रंगवली होती. खिडकीबाहेर गिरणीची चिमणी, आत नऊवारीतली आई आणि काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल ओतून लावलेला शब्बाथचा दिवा. परीक्षकाने चष्मा पुसला. "ही तर इथलीच कुणी बाई. यहुद्यांचा दिवा सात फांद्यांचा असतो, एवढंही ठाऊक नाही?" त्या दीडशहाण्याने आमच्यातल्या कुणाचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, फक्त पुस्तकातली चित्रं पाहिली होती. शेजारी उभी आई म्हणाली, "पन आमी तर ह्योच लावतो की." तिच्याकडे न बघताच त्याने चित्र बाद केलं. पुढल्या वर्षी मी सात फांद्या काढल्या, खाली लांब दाढीचा म्हातारा बसवला आणि त्याच गाढवाच्या हातून पदक घेऊन घरी आलो. आईने चित्र न्याहाळलं, तेलाची बाटली उचलली आणि विचारलं, "ह्यात तेल कुटं वतायचं?" त्या परीक्षकाला मी आजही गाढवच म्हणतो, पदक मात्र अजून माझ्या पेटीत आहे.