विळी माळ्यावरून उतरली

माझ्या हृदयात आता धातूची झडप आहे. जुनी खराब झाली, ती काढून डॉक्टरांनी नवी बसवली. नवीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी एक गोळी, जन्मभर. सगळे तिला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात. रक्ताचं काही पाणी होत नाही, ते गोठायला जरा उशीर लावतं, एवढंच. पण आमच्या ह्यांना हे कोण समजावणार!

झालं असं, की इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी पोह्यांसाठी कोथिंबीर चिरायला बसले आणि विळीवर बोट कापलं. रक्त थांबेचना. मी फडकं घट्ट दाबून धरलं. हे मात्र भिंत धरून खाली बसले. "अगं, खून रुकतच नाहीये!" एवढंच म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी विळी माळ्यावर गेली. स्वयंपाकघराचा ताबा ह्यांच्याकडे, ज्यांना जिरं आणि बडीशेप यांतला फरक ठाऊक नव्हता! त्यात पालेभाजीनं गोळीचा असर कमी होतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून कोथिंबीरही बंद. इंदुरात राहून बिनकोथिंबिरीचे पोहे! रक्त तपासायला गेलो तेव्हा मी डॉक्टरांकडे तक्रार केलीच.

डॉक्टर हसले. "अंकलजी, हरी सब्ज़ी बंद नहीं करना है. रोज़ एक जैसी खिलाओ, बस."

"ठीक आहे," बाहेर पडताना हे म्हणाले, "कोथिंबीर चलेल. पण चिरणार मी."

चिरली त्यांनी. गोळी मी खात होते आणि पट्ट्या ह्यांच्या बोटांना लागत होत्या. मला हसू आवरायचं नाही.

मग एका सकाळी सुरी ह्यांच्या अंगठ्यात चांगलीच शिरली. मी कापूस दाबून धरला, तर हात सोडवून घ्यायला लागले. "माझं जाऊ दे गं, माझं रुकेल. तुझं नाही रुकलं तर मी काय करू?" आणि डोळे भरून आले. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी बरी होऊन हिंडतफिरत होते आणि हे अजून त्या रविवारीच भिंत धरून बसलेले होते.

"अहो, माझंही थांबलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही बघितलंच नाही, डोळे मिटून बसला होतात. बोट कापलं तर दाबून धरता येतं. गोळी चुकली आणि झडपेत गुठळी झाली, तर तिथे कुणाचा हात पोचणार? भ्यायचंच तर त्याला भ्या."

ह्यांनी अंगठ्याला पट्टी बांधून घेतली. मग स्टूल ओढलं, विळी खाली काढली, पुसली आणि माझ्यापुढे ठेवली.

मी कोथिंबीर घेऊन बसले. हे समोर पाट मांडून बसले, हातात कापसाचा बोळा. या वेळी डोळे उघडे होते.