भाकरीतली बोरमाळ

सबंध धाराशिव जिल्ह्यात भाकरीकडं इतक्या आदरानं बघणारा दुसरा माणूस असेल, तर तो मला आणून दाखवावा. मी पैज लावायला तयार आहे. माझ्या बायकोचे मामा सास्तूरकडच्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवत होते. नोकरीतून ते निवृत्त झाले, कर्बोदकांतून मात्र झाले नाहीत. मी भूमहून त्यांच्याकडं जाताना आठवणीनं खवा नेतो. डबा उघडायच्या आत मामा सुरू होतात. दुधातली साखर दोन मण्यांची, एक ग्लुकोजचा आणि एक गॅलॅक्टोजचा. तो सांधा फोडायचं कसब म्हातारपणी बऱ्याच पोटांत उरत नाही, म्हणून शेजारच्या आप्पांना खवा देऊ नये. एवढं सांगून होईपर्यंत आप्पांच्या वाट्याचा खवा मामांनी स्वतःच संपवलेला असतो. आपल्या पोटाबद्दल त्यांना कधीच शंका नसते.

जावई म्हणून त्या घरात मला मान भरपूर, पण तो मान जेवायला बसेपर्यंतच. ताट समोर आलं की मी विद्यार्थी. ज्वारीच्या भाकरीचा घास तोंडात घालायचा आणि गोड लागेपर्यंत चावायचा, गिळायचा नाही. लाळ पिष्टाची लांब साखळी तोडते, साखर सुटते, म्हणून गोडी येते, हे त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगतो, येते. पण ही गोडी त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत सगळ्या ओळीला शिकवायला घेतली. ओळ चावत बसली, उठेचना, आणि मागं दुसऱ्या पंगतीची माणसं तांब्या घेऊन ताटकळली. शेवटी नवरदेवाच्या चुलत्यानं हात जोडले, तेव्हा मामा म्हणाले, "थांबा की, आत्ता कुठं तुटाय लागलीया."

त्या साखळीपायी मामींची सोन्याची बोरमाळ एकदा शाळेत गेली. मामांनी ती वर्गात उंच धरली. हा एकेक मणी म्हणजे ग्लुकोज, ही अख्खी माळ म्हणजे पिष्ट. आणि पचन म्हणजे काय, ते दाखवायला त्यांनी सरळ दोरा कापला. मणी बाकांखाली पळाले, वर्ग रांगत सुटला, आणि माळ घरी आली ती एक मणी कमी होऊन. मामींनी पुन्हा ओवून घेतली, पण त्या जागी लाल मणी घातला, मुद्दाम. कुणी विचारलं की सांगतात, "ह्यो आमच्या मास्तरानं पचवला."

मामींना साखरेचा आजार आहे. जेवणाआधी इंजेक्शन घ्यायचं आणि एकदा घेतलं की ताटाला उशीर करायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. मामांना तर कारणासकट. आणि तरीही त्या येळवसेला जे व्हायचं ते झालंच.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली की आमच्याकडं सगळं गाव शेतात. कडब्याची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, मग मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यात आंबवलेल्या पिठाची आंबिल. मामांच्या शेतात मात्र पूजा आणि जेवण यांच्यामध्ये एक भाषण असतं. खोपीच्या तोंडाशी उभं राहून, एका हातात कडब्याचं धाट आणि दुसऱ्या हातात भाकरी धरून ते विचारतात, ह्या दोन्हींत फरक काय? मणी तोच, ग्लुकोज. फक्त सांध्याची तऱ्हा निराळी. एका तऱ्हेनं जोडला की पिष्ट, ते माणसानं खावं. दुसऱ्या तऱ्हेनं जोडला की सेल्युलोज, ते बैलानं खावं, कारण त्याच्या पोटात ते फोडणारे जंतू राबतात. दरवर्षी हे एवढंच असतं, आणि दरवर्षी आम्ही माना डोलवून ताटावर बसतो. त्या वर्षी त्यांना आंबिल सुचली. पीठ आंबतं म्हणजे काय होतं, यावर गाडी वळली ती थांबेना. पूजा उरकली, आता ताट येणारच, म्हणून मामींनी इंजेक्शन घेऊन टाकलं होतं.

मामी घामाघूम झाल्याचं पहिल्यांदा माझ्या बायकोनं बघितलं. हात थरथरत होते, बोलणं तुटक झालं होतं. मामांचं वाक्य अर्ध्यात थांबलं. मी त्यांना वाक्य अर्ध्यात सोडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कुणी भाकरी पुढं केली, कुणी आंबिलीचा गडू.

"ते नको," मामा म्हणाले. "त्याला उशीर लागंल. साखर आणा."

साखर होती ती पांडवांपुढच्या वाटीत. मामांनी ती उचलली, पाण्यात ढवळली आणि मांडीवर टेकवलेल्या मामींना घोटाघोटानं पाजली. थोड्या वेळानं मामींच्या तोंडावर रंग आला. मग त्यांना भाकरी दिली, आणि मामा बांधावर जाऊन आमच्याकडं पाठ करून बसले. जेवले नाहीत.

त्यानंतर मामा गप्प झाले. घासाकडं बघत नव्हते, नुसते गिळत होते. मी खवा नेला तर म्हणाले, "चांगला हाय," आणि आप्पांचा वाटा आप्पांना पाठवून दिला. मला तर धडकीच भरली. मामींनी दोनदा मुद्दाम विचारलं की केळं पिकल्यावर गोड का लागतं, तर म्हणाले, "पिकलं म्हणून." चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाचं हे उत्तर ऐकून मला रडूच यायचं बाकी होतं.

पुढच्या येळवसेला खोप झाली, पूजा झाली. मामांनी सगळ्यांत आधी मामींचं ताट वाढलं आणि खाली मान घालून शेजारी बसले. गार वारं सुटलं होतं, कडबा सळसळत होता. मामींनी भाकरीचा घास घेतला आणि चावत बसल्या, पुष्कळ वेळ. मग गिळून त्यांनी गळ्यातली बोरमाळ पुढं ओढली आणि तिच्यातल्या लाल मण्यावर बोट ठेवलं.

"गोड लागाय लागलं बघा," त्या म्हणाल्या. "आता सांगा. ही तुटती कुठं?"

मामांनी मान वर केली.

"तोंडातच," ते म्हणाले. "हितंच सुरू होतं सगळं."

आणि बोलू लागले. उभे राहिले नाहीत, भाकरी हातात उंच धरली नाही. बसल्या बसल्या बोलत होते, आणि दर दोन वाक्यांनी थांबून मामींच्या ताटात बघत होते. अजूनही तसेच बोलतात. भाषण पूर्वीपेक्षा दुप्पट लांबतं त्यामुळं, पण आमच्यातलं कुणी त्यांना आटपा म्हणत नाही.