माग न ठेवणारा अवेर्यान

आपण जमिनीवर चालतो याची लाज वाटणारा आमच्या गावात एकच माणूस होता, आणि तो माझा सख्खा मावसभाऊ निघावा हे माझं नशीब. अवेर्यान साविच त्याचं नाव. बर्फात स्वतःचं पाऊल उमटलेलं दिसलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा. दुकानातून पाव घेऊन आला तरी फाटकापासून दारापर्यंतचा बर्फ आधी पंखानं सारखा करायचा आणि मगच आत जायचा. पंख रानकोंबड्याचा. बाकीच्या घरांत बायका त्या पंखानं चुलीवरची राख झाडतात. टपालवाली बाई कोरा बर्फ बघून 'घरी कुणी नाही' म्हणत फाटकातूनच परत फिरायची, आणि हा आत चहा पीत बसलेला असायचा. वर तक्रार अशी की आपल्याला पत्रंच येत नाहीत.

आता खरं ते सांगायला हवं. सेबल धरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सेबल म्हणजे मांजराहून लहान पण महा-लबाड जनावर, आणि आमचा सगळा तालुका त्याच्या कातड्यावर जगतो. ते जाताना ज्या पावलांनी जातं, परत येताना नेमकं त्याच पावलांवर पाऊल ठेवून येतं. म्हणून सापळा त्या ठशाच्या खाली लावायचा असतो. बाजूनं बर्फ कोरत लाकडी फावडी आत सरकवायची, वरचा ठसा तसाच राहू द्यायचा, खाली सापळा बसवायचा आणि आपण तिथं आलोच नव्हतो असं करून निघायचं. हे शेवटचं काम आमचे शिकारी पाइनची एक डहाळी इकडेतिकडे फिरवून उरकतात. अवेर्यानचं खरं काम तिथं सुरू व्हायचं. उलट्या पावलांनी तो मागं सरायचा, प्रत्येक पाऊल बुजवायचा, वर ताजा बर्फ भुरभुरायचा, मग पंखानं वाऱ्याच्या रेघा ओढायचा. त्या दिवशी वारा कुठल्या दिशेचा होता हे बघून ओढायचा. शेवटी फांदीवरून बर्फ गळाल्यासारखे दोन-चार खळगे बोटानं करायचा. एका सापळ्यापाशी अर्धा दिवस जायचा. सेबललासुद्धा एवढ्याची गरज नव्हती.

शिकारीचा हंगाम जवळ आला की अंगाला वास नको म्हणून घरात साबण बंद, कांदा बंद, तंबाखू बंद. सापळे पाइनच्या पाल्यात उकळायचे, कपडे गोठ्याबाहेर टांगायचे. त्याची बायको दोम्ना हे चौदा वर्षं सोसून शेवटी निघून गेली. 'कधी गेली, कशी गेली, काही माग लागला नाही,' असं तो सांगत फिरायचा. माग कसा लागला नाही? भर दुपारी दोन गाठोडी घेऊन, सगळ्या गावादेखत, रस्त्याच्या मधोमध ती नदीच्या धक्क्याकडे चालत गेली. तिची पावलं पुढचा बर्फ पडेपर्यंत लख्ख दिसत होती. हा घरामागं लाकडाच्या वाटेवरची पावलं झाडत होता, त्यामुळे त्याच्या नजरेतून सुटलं.

शिकारी संघाच्या कचेरीबाहेर सन्मानफलक आहे. त्यावर लागोपाठ अकरा वर्षं अवेर्यानचा फोटो होता. येताजाता तो त्याच्याकडे बघायचा, आणि काच पुसायची झाली तर दुसऱ्या कुणाला पुसू द्यायचा नाही. बाराव्या वर्षी त्याच्या वाट्याच्या रानातली सेबलं नदी ओलांडून पलीकडे गेली. जनावरंच ती, जिथं उंदीर तिथं जाणार. डिसेंबरात तो संघाच्या कोठारात माझ्याकडे रिकाम्या हातानं आला आणि खिडकीबाहेर बघत हवामानावर बोलत बसला. नवं वर्ष उलटलं आणि एकाएकी त्याची पोतडी भरून येऊ लागली, एकेक कातडं काळंभोर, रेशमी. मी तिथं शिकाऱ्यांकडून कातडी मोजून घेणारी, संघाच्या बैठकांची नोंद ठेवणारी. कुठल्या रानात कशा रंगाचं सेबल मिळतं हे मला नुसतं बघून सांगता येतं. अवेर्यानच्या रानात इतकं काळं कधी मिळालं नव्हतं. मला शंका आली आणि मी गप्प बसले. मावशीचा मुलगा, आपण कशाला वाईट व्हा, असा विचार केला. त्याची लाज मला अजून वाटते.

कारण त्याच दिवसांत आमच्या संघाचा प्रमुख कोंद्रात आपले सापळे बघायला गेला आणि डोकं धरून परत आला. सापळे मिटलेले, दातांत काळे केस अडकलेले, सेबल गायब. आणि आसपास पाऊल नाही, स्कीची रेघ नाही, काही नाही. असं एकदा नाही, सहा वेळा झालं.

दुसऱ्याच्या सापळ्यातलं जनावर काढणं याहून मोठं पाप आमच्या रानात नाही. माणसाचा जीव घेतला तर लोक निदान का घेतला ते विचारतात. सापळा लुटणाऱ्याचं रान काढून घेतात, त्याच्या रानातल्या झोपडीत कुणी चहा पीत नाही, त्याला कुणी आपल्या झोपडीत शिरू देत नाही. म्हणजे थंडीत त्यानं मरायचं किंवा गाव सोडायचं.

संशय आला फोकावर. फोका म्हणजे गावातला सर्वांत गबाळा शिकारी. त्याच्या डाव्या स्कीला पत्र्याचं ठिगळ आहे, त्यामुळे तो जाईल तिथं बर्फात एक जादा रेघ ओढली जाते. त्याचं रान कोंद्रातच्या रानाला लागून, म्हणून ती रेघ लुटलेल्या सापळ्यांपासून शंभरेक पावलांवरून गेलेली सापडली. बाकी कुणाचाच माग नव्हता, मग चोर फोकाच. जो माणूस उघड चालतो तोच सापडतो. घरात त्याची बायको उलिता आणि दोन लहान मुली. रान गेलं की संपलंच.

फेब्रुवारीतल्या रविवारी दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत बैठक भरली. शेगडी धडधडत होती, ओल्या बुटांचा वास सुटला होता, आणि पुढच्या बाकावर जाणकार म्हणून कोण बसलं होतं? आमचे अवेर्यान साविच, दाढी विंचरून.

"फोका, तू तिथून गेलास का?" कोंद्रातनं विचारलं.

"गेलो की. रोजच जातो. माझी वाटच ती."

"आणि सापळ्यापर्यंत?"

"नाही."

"मग आणखी कोण गेलं? भूत?"

फोका डोकं खाजवत म्हणाला, "मला काय माहीत, कोंद्रात येगोरिच. मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का?"

अवेर्यान खाकरला. "हे बघा, मला कुणाचं वाईट करायचं नाही. पण रेघ त्याची आहे. रेघेपासून सापळ्यापर्यंतचा माग त्यानं झाडला असणार. माग झाडणं काही अवघड नसतं. मीच शिकवलंय सगळ्यांना."

मी नोंदवहीत शब्दन्शब्द उतरवत होते. या माणसाबरोबर मी लहानपणी एका ताटात जेवले होते. बोल, बोल, असं मी स्वतःलाच म्हणत होते, आणि तोंड काही उघडत नव्हतं.

उघडलं उलितानं. ती मागच्या बाकावर होती. धाकटी मुलगी मांडीवरून खाली ठेवून ती उठली.

"कोंद्रात येगोरिच, माझा नवरा गबाळा आहे. मला सांगू नका, मी त्याचे कपडे धुते. पण हा चोर त्याच्याहून गबाळा आहे हो! मी स्वतः जाऊन बघून आले. कसलं ते झाडणं! गाय लोळून गेल्यासारखा बर्फ. वारा पश्चिमेचा आणि रेघा भलतीकडेच. माझी ही पोर अंगण याच्याहून बरं झाडते. तुम्हाला माग दिसला नाही म्हणता? डोळ्यांना काय झालंय तुमच्या?"

खोलीत कुजबुज सुरू झाली. कोंद्रात गोंधळला. "मला तर काही..."

"आणि तो मोठा पाइन आहे ना, त्याच्याखाली टाच! अख्खी टाच उमटलेली, एवढी मोठी! बुजवायचीसुद्धा अक्कल नाही मेल्याला. असल्या माणसानं सापळ्याला हात लावायचा नाही, घरी बसून बटाटे सोलायचे."

अवेर्यानची मान आधी लाल झाली, मग कान.

"कसली टाच?" तो म्हणाला.

"पाइनखालची."

"पाइनखाली टाच असूच शकत नाही."

"आहे म्हणते ना. मी बघितली, अवेर्यानकाका. तुम्ही नका मनाला लावून घेऊ, तुमचं काय त्यात? कुणी शिकाऊ असेल."

"शिकाऊ?" अवेर्यान उठला. बाक मागं पडला तरी त्याला कळलं नाही. "पाइनखालून गेलोच नाही तर टाच कुठून येईल? ओढ्याच्या बर्फावरून आलो, उलटा परत गेलो! दोनदा बुजवलं, वर भुरभुरलं! आणि रेघा पश्चिमेच्याच होत्या, बाई, पश्चिमेच्याच! असं काम या नदीवर दुसरा कोण करून दाखवेल? कोण?"

शेगडीत एक लाकूड फुटलं. अवेर्याननं चहूकडे बघितलं, पडलेला बाक उचलून जागेवर ठेवला आणि त्यावर बसला.

पुढचं सगळं पटकन झालं. कोंद्रात उठून फोकाजवळ गेला आणि त्याला मिठी मारली. फोकाला अजून नीट उमगलं नव्हतं, तो सगळ्यांकडे बघून हसत होता. अवेर्यानचं रान काढून घ्यायला सगळ्यांचे हात वर गेले. फोटो उतरवायलाही गेले. मग हळूच अवेर्याननं मागच्या बाकाकडे मान वळवली.

"उलिता. ती टाच नक्की कुठल्या बाजूला होती?"

"मी तिथं गेलेच नाही, अवेर्यानकाका," उलिता म्हणाली. "पोरींना टाकून कुठं जाणार? पण तुमच्याइतकं चोख आणखी कुणाला जमत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

आणि देवाशपथ सांगते, माझ्या भावाचा चेहरा उजळला. रान गेलं होतं, अब्रू गेली होती, उद्यापासून कुणी त्याला चहा विचारणार नव्हतं, आणि तो अगदी सुखानं हसला. दाढीवरून हात फिरवून माझ्याकडे वळला.

"ग्लाशा, नोंदीत एवढं मात्र लिही. घटनास्थळी कसलाही माग आढळला नाही."

पाच आठवडे शिवलेलं माझं तोंड तेव्हाही उघडलं नाही. पण हात चालला. मी लिहिलं आणि नियमाप्रमाणे सह्यांसाठी मोठ्यानं वाचून दाखवलं: 'मोठ्या पाइनखाली टाचेचा स्पष्ट ठसा आढळला. माग झाडण्याचं काम ढिसाळ होतं.'

कोंद्रातनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. मग फोकानं, मग एकेकानं. अवेर्यान ओरडला, हातापाया पडला, रान घ्या, सापळे घ्या, पण ते वाक्य खोडा म्हणाला. मी खोडलं नाही. कागद जिल्ह्याच्या कचेरीत गेला आणि तिथं शिक्का बसून दप्तरात पडून आहे.

आता अवेर्यान धक्क्यावर लाकडं मोजतो. गावानं त्याला चोर म्हटलं, ते त्यानं केव्हाच पचवलं. माझ्याशी मात्र तो आजवर बोललेला नाही, त्या टाचेपायी.