शेवटचा मुद्दा

आमच्या संस्थेचं काम एका वाक्यात सांगता येतं, पण मला ते आजवर जमलेलं नाही. कॉलेजात काही लिहिल्या-बोलल्याबद्दल एखाद्या मुलावर कारवाई झाली, की आम्ही त्याच्या बाजूने भांडतो. खोली एक, टेबलं दोन. डुगडुगतं ते माझं. बायको म्हणते, "जगाला बोलू देताय, घरात कधीपासून सुरू करताय?"

आमच्या वकीलबाईंचा एक नियम आहे. मुलाने काय लिहिलंय ते आधी फक्त त्या वाचतात. मी नुसती कारवाई बघायची आणि केस घ्यायची की नाही ते सांगायचं, म्हणजे माझी आवडनिवड मधे येत नाही.

परवा एका मुलीची तक्रार आली. कॉलेजच्या भित्तिपत्रकात पाहुण्याची टिंगल केली म्हणून तिला निलंबित केलं होतं. परीक्षा तोंडावर आलेली, वर्ष जाणार होतं.

"कोण लागून गेलाय हा पाहुणा?" मी कडाडलो आणि सही ठोकली. बाईंनी खाली मान घालून मुलीने लिहिलेला कागद पुढे सरकवला.

"पाहुणे बोलण्याच्या हक्कावर दोन तास बोलले. आम्ही प्रश्न विचारायला तोंड उघडलं की ते म्हणत, 'एक शेवटचा मुद्दा.'"

पाहुणा मीच होतो. माझे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत मी, बाई आणि ती मुलगी बसलो. प्राचार्य मला म्हणाले, "तुमचा अपमान झाला नाही एवढं म्हणा, लगेच परत घेतो हिला."

सुटका किती सोपी होती! पण उद्या दुसऱ्या पाहुण्याला राग आला तर? मुलांनी तोंड उघडायचं ते काय पाहुण्याचा मूड बघून?

"झाला अपमान," मी म्हणालो. "चांगलाच झोंबलाय. तरीही तिला ते लिहायचा हक्क आहे." आणि मग मी सुरू झालो. नियम काढले, जुनी प्रकरणं काढली, टेबलावर हात आपटला. प्राचार्य मधेच काहीतरी म्हणाले. मी त्यांना हातानेच थांबवलं. "एक शेवटचा मुद्दा—"

मुलीने माझी बाही ओढली.

"काका, ते मघाशीच हो म्हणालेत."