लाओलीची घटना

लुगांगच्या नोंदणी कचेरीत तिसऱ्या खिडकीवर लाय बीशिया सव्वीस वर्षं बसली. जन्म, मृत्यू, लग्न, काडीमोड, घर बदललं, नाव बदललं, सगळं तिच्या हाताखालून गेलं. त्या खिडकीशी माणसं भांडायच्या तयारीनेच येत. बीशिया पहिल्यांदा त्यांना पुरतं बोलू द्यायची, मग विचारायची, "जेवण झालं का तुमचं?" निम्मे तिथेच गार पडत. उरलेल्यांना ती कोणता कागद कमी आहे ते सांगायची.

तिचं दुसरं काम कचेरीत कोणाला ठाऊक नव्हतं. त्याचा पगार नव्हता, हजेरी नव्हती, आणि एका परीने पाहिलं तर ते काम कोणाचंच नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आलं की फोनमधली दिनदर्शिका वडिलांची पुण्यतिथी चुकीची दाखवते. वडील अधिक महिन्यात गेले होते आणि फोनला अधिक महिना कळत नव्हता. शोध घेता घेता ती लाओलीपाशी पोचली. लाओली म्हणजे 'जुनं पंचांग'. इंग्रजी तारखेवरून चांद्र तिथी काढून देणारा एक छोटा प्रोग्रॅम. तो फुकट होता, मालक नव्हता; ज्याला हवा त्याने वापरावा, ज्याला जमेल त्याने दुरुस्त करावा. फोनवाले, देवळांची संकेतस्थळं, अंत्यविधीची दुकानं आणि उत्सवाचे केक विकणारे, सगळे गुपचूप तोच वापरत.

तो लिहिला होता गाओ तुंगल्यांग नावाच्या, ज्याई शहरातल्या भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी. बीशियाने त्यांना चूक कळवली. उत्तर एका शब्दाचं आलं, "पुरावा?" तिने चाळीस वर्षांच्या छापील पंचांगांची पानं स्कॅन करून पाठवली. चार दिवसांनी चूक दुरुस्त झाली आणि खाली एक ओळ आली: "तक्रारींची वही आजपासून तुमच्याकडे."

तेव्हापासून वही तिच्याकडे. 'वही' म्हणायचं, होतं ते संकेतस्थळावरचं तक्रारींचं पान. कचेरी सुटल्यावर ती तासभर बसायची. कोणती तक्रार खरी, कोणती समजुतीतला घोटाळा, कोण उगाच चिडलंय, हे वेगळं करायचं, नव्यांना वाट दाखवायची, गाओ मास्तरांनी ज्यांना 'मठ्ठ' म्हटलं त्यांची समजूत काढायची. पिनांगच्या ऑन्ग बूनकियातला मास्तरांनी तीनदा हाकललं होतं. तिन्ही वेळा बीशियाने त्याला परत आणलं, आणि पुढे अर्धा प्रोग्रॅम त्यानेच नव्याने लिहिला. तिने स्वतः कोडची एक ओळही लिहिली नाही. येतच नव्हतं तिला.

गाओ मास्तरांना सगळे 'बादशहा' म्हणत, तोंडावरसुद्धा. काय घ्यायचं, काय टाकायचं, शेवटचा शब्द त्यांचा. तक्रार अशी कोणाची नव्हती. मग एका वर्षी बादशहांनी निवृत्ती घेतली, डोंगरात मधमाश्या पाळायला लागले आणि उत्तरं देईनासे झाले. त्याच सुमारास एका फोन कंपनीचं पत्र आलं. तुमच्याकडे निर्णय कोण घेतं? कोणत्या नियमाने? लेखी असेल तर पाठवा.

लेखी काहीच नव्हतं.

हे मनावर घेतलं न्ये छीहानने. लाओलीसाठी कोड लिहिणारा शिन्चूमधला इंजिनियर, वय एकतीस, हुशार आणि नीटनेटका. परदेशातल्या दहा प्रकल्पांच्या घटना, म्हणजे कारभाराचे लेखी नियम, त्याने वाचून काढल्या होत्या. "एका माणसाच्या लहरीवर किती दिवस चालायचं?" त्याने सगळ्यांना विचारलं, आणि ते कोणालाही खोडता येईना. दर रविवारी दुपारी पडद्यावर बैठक भरू लागली. अकरा माणसं, पाच महिने.

"बीशिया-जिए," छीहान म्हणाला. जिए म्हणजे ताई. सगळे तिला तसंच म्हणत. "भाषा तुम्ही घाला. सरकारी कागद तुमच्याइतके कोणी पाहिलेत?"

तिलाही बरं वाटलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे नियम राबवले, आता स्वतःच्या हाताने लिहायला मिळत होते. तिने सेहेचाळीस कलमं लिहिली. कारभार सदस्यांनी निवडलेल्या पाच जणांच्या मंडळाकडे, आणि घटना बदलायची तर त्या पाचही जणांची लेखी संमती हवी, ही अट तिचीच. कोणाला चिरडून काही होऊ नये म्हणून. चौथं कलम छीहानने सांगितलं आणि तिने टंकलं: 'गेल्या बारा महिन्यांत ज्या खात्यावरून आलेली किमान एक ओळ कोड स्वीकारली गेली, ते खातं सदस्य.'

टंकून झाल्यावर तिचा हात थांबला. "आणि जे कोड लिहीत नाहीत पण बाकीचं बघतात, ते?"

"जगभर असंच असतं, जिए. दुसऱ्या आवृत्तीत बघू. आधी हे एकदा पास होऊ दे."

 पडद्यावर दोघे जेवत होते आणि एकाचा आवाज बंद होता. बीशियाला वाटलं, स्वतःसाठी भांडणं बरं दिसणार नाही. कलम तसंच राहिलं आणि घटना एकमताने मंजूर झाली. अभिनंदनाचे निरोप आले. मतमोजणी तिनेच केली होती.

डिसेंबरात मंडळाची निवडणूक लागली. सदस्यांची यादी नियमाप्रमाणे बीशियाने काढली. सात नावं निघाली. त्यात ती नव्हती. त्याचा धक्का तिने पाच महिन्यांपूर्वीच पचवला होता. तिला हसू आलं ते सातव्या नावाचं. सातवं नाव 'छोटा मदतनीस' होतं. हा माणूस नव्हता. आवृत्तीचे आकडे बदलायला आणि जुन्या तक्रारी बंद करायला छीहाननेच लावून दिलेला बॉट होता. त्याच्या ओळी स्वीकारल्या गेल्या होत्या, वर्षात चारशेबारा. कलमात 'खातं' लिहिलं होतं, 'माणूस' नव्हे.

जागा पाच, उभे राहिले चार. एकविसावं कलम सांगत होतं की उमेदवार कमी पडले तर उरलेल्या सदस्यांत ज्याच्या ओळी सर्वांत जास्त, त्याने जागा भरावी.

बीशियाने निकाल वाचला. "न्ये छीहान, ऑन्ग बूनकियात, फान यूचन, थु ग्वोशुन आणि छोटा मदतनीस. निवड नियमानुसार."

रविवारी सगळे पोट धरून हसले. "उत्तम निवड!" बूनकियात म्हणाला. "हा तरी कोणाला उलट बोलणार नाही." मग छीहानने चौथं कलम सुधारायचा ठराव मांडला. पाचही जणांची लेखी संमती हवी होती. चौघांनी दिली. पाचव्याने काही उत्तर दिलं नाही, आणि बॉट देणार तरी कसा? पुढच्या निवडणुकीपर्यंत घटना जशी होती तशी टिकली. हसू ओसरलं.

आणखी एक कलम होतं, अकरावं. तक्रार बंद करणं किंवा बंद केलेली उघडणं हा सदस्यांचा अधिकार. बीशियाने वहीला हात लावणं सोडलं.

"अहो जिए, तुम्ही करा हो पूर्वीसारखं," छीहान म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघते ना," ती म्हणाली. "मीच लिहिलंय ते."

हे ती रागाने म्हणाली नव्हती असं ती नंतर सांगायची. नवरा, जिनशुई, सेवानिवृत्त बस ड्रायव्हर, त्याचं मत वेगळं होतं. "तो राग होता," तो म्हणायचा. "आठवडाभर आमटीत मीठ नव्हतं."

वसंतात छीहानने साफसफाई काढली. बादशहांनी एकेका वर्षाची ओळ हाताने लिहून केलेला तक्ता त्याला गबाळा वाटे. त्याने तो काढून सुटसुटीत सूत्र बसवलं. दोन सदस्यांनी मान्यता दिली, सगळं नियमाने झालं. मे महिन्यात बीशियाने सवयीने स्वयंपाकघरातलं कागदी पंचांग आणि नवी आवृत्ती ताडून पाहिली. त्या वर्षी सहावा महिना अधिक होता. सूत्राने तो गिळला होता.

तिने सामान्य माणसासारखी तक्रार नोंदवली. तीस दिवसांनी उत्तर आलं: 'कोणत्याही सदस्याने दखल न घेतल्याने ही तक्रार बंद करत आहे. आभारी आहे. छोटा मदतनीस.' तिने पुन्हा लिहिलं. या वेळी दोन मिनिटांत उत्तर आलं: 'ही तक्रार आधीच्या बंद तक्रारीसारखी आहे.' छीहानला थेट फोन करता आला असता. नंबर होता. तीनदा तिने फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. त्या दिवसांबद्दल ती फारसं बोलत नाही.

जुलैच्या पंचविसाला शेजारच्या श्युए काकूंनी दारात टेबल मांडलं. कोंबडी, फळं, बिस्किटांचे पुडे, उदबत्त्या. सातव्या महिन्यात पाताळाचं दार उघडतं आणि भुकेले आत्मे बाहेर पडतात, त्यांचं हे जेवण.

"काकू, अजून महिना आहे," बीशिया म्हणाली. "आज अधिक सहावा लागला."

"फोन म्हणतो सातवा."

"फोन चुकतोय."

"तू कचेरीत बसतेस म्हणून तुला सगळं कळतं होय? जिवंतांची नोंद तुझ्याकडे असेल, मेलेल्यांचं आम्ही बघतो." काकूंनी उदबत्ती पेटवली.

त्या दिवशी गावोगावी कितीतरी दारांत अशी टेबलं लागली. ताइनानच्या एका सोसायटीने पुजारी बोलावला. त्याने पिशवीतून कागदी पंचांग काढलं, एक नजर टाकली, चहा प्यायला आणि परत गेला. दोन दिवसांत लाओलीच्या पानावर तीनशे बारा तक्रारी आल्या. एकाने लिहिलं होतं, 'आता बोलावलंय तर ते आत्मे महिनाभर ठेवायचे कुठे?' उत्तर द्यायला कोणी नव्हतं. छोटा मदतनीस तीस दिवस वाट पाहत होता.

शनिवारी छीहान स्वतः लुगांगला आला. देवळाजवळच्या शेवयांच्या पेजेच्या गाडीवर दोघे बसले. त्याच्यासमोरचा वाडगा गार होत होता.

"बादशहांना फोन केला होता," तो खाली मान घालून म्हणाला. "प्रोग्रॅमची मुख्य किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे. म्हटलं, एकदाच हुकूम काढा, घटना रद्द करा."

"लोकशाही तूच आणलीस ना रे?"

"नका बोलू, जिए."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, मी वाचली घटना, छान लिहिलीय. मी गेल्या वर्षभरात एक ओळ दिलेली नाही, तेव्हा मी सदस्य नाही, हुकूम कसा काढू? आणि मध हवा का विचारलं."

बीशिया इतकी हसली की गाडीवाला वळून बघू लागला. मग ती गंभीर झाली. "माझ्या दोन तक्रारी पाहिल्यास?"

"काल पाहिल्या." मग तो म्हणाला, "मी ते कलम सांगितलं तेव्हा मला कळत होतं तुम्ही बाहेर राहताय. वाटलं होतं, तुम्ही काय, असणारच. कुठे जाणार?"

हे त्याने कबूल केलं नसतं तर ती उठून गेली असती. तिने त्याचा वाडगा त्याच्याकडे सरकवला. "खा आधी."

खाऊन झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. जुना तक्ता परत आणायचा होता आणि त्यात चालू वर्षाची ओळ भरायची होती. कोणत्या महिन्यात किती दिवस, अधिक कोणता. "ही ओळ तुम्ही लिहा. तुमच्या खात्यावरून."

"म्हणजे उपकार करतोयस?"

"नाही. मला ती येत नाही. परवा दोनदा चुकवलीय."

तेरा आकडे होते. तिने प्रत्येक आकडा पंचांगाशी दोनदा ताडून, एका बोटाने टंकला. छीहान आणि बूनकियातने मान्यता दिली. सत्तावन्नाव्या वर्षी, पेजेच्या गाडीवर, लाय बीशिया सदस्य झाली. घरी जाऊन तिने तीनशे बारा तक्रारी वाचायला घेतल्या. संपायला नऊ दिवस लागले.

डिसेंबरात ती उभी राहिली. या वेळी पाच जागांना पाच माणसं होती, त्यामुळे बॉटची जागा गेली. नव्या मंडळाने पहिल्याच बैठकीत चौथं कलम बदललं. भाषांतर करणारे, तिथी तपासणारे, तक्रारी पाहणारे, नव्यांना शिकवणारे सगळे सदस्य ठरले. सात जणांचे त्रेचाळीस झाले. बीशिया अध्यक्ष झाली.

एप्रिलात ताइजुंगला एका शाळेच्या वर्गात पहिली सर्वसाधारण सभा भरली. नव्या सदस्यांपैकी एका ग्रंथपाल बाईंनी ठराव आणला: तक्रारींची वही कोणा एकाकडे राहू नये, दर दोन महिन्यांनी पाळीने फिरावी. बीशियाच्या कामाचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. "पण एकाच माणसावर सगळं उभं असणं धोक्याचं, हे आपण गेल्या वर्षी पाहिलं," त्या म्हणाल्या.

बीशियाने विरोधात भाषण केलं. पंधरा वर्षांचा अनुभव, सातत्य, वगैरे. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आवाज आपला आहे आणि बोलणं बादशहांचं आहे. तरी तिने भाषण पुरं केलं.

ठराव एकेचाळीस विरुद्ध दोन असा मंजूर झाला. दुसरं मत छीहानचं होतं. ते त्याने विचारपूर्वक दिलं की लाजेपोटी, हे तिने विचारलं नाही. इतिवृत्तात तिने ठराव शब्दशः उतरवला, सूचकाचं नाव नीट लिहिलं, सही केली.

जिनशुई स्टेशनवर स्कूटर घेऊन उभा होता.

"काय झालं सभेत?"

"हरले."

"मग? सोडतेस आता?"

"सोडतेय कुठली? नोव्हेंबरात माझी पाळी आहे," ती मागे बसत म्हणाली. "तोवर रोजची संध्याकाळ मोकळी. काय करतात रे लोक संध्याकाळी?"

जिनशुईने हेल्मेट मागे तिच्या हातात दिलं. त्याने किल्ली फिरवली.