गैरहजेरीचं कारण

आमदार होण्याआधी हंबीरराव वीस वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत सायकली दुरुस्त करायचे. पंक्चर दोन असतील तर दोनच सांगणारा, तीन न सांगणारा माणूस म्हणून पेठेनं १९९९ साली त्यांना निवडून दिलं, एवढी साधी गोष्ट.

त्यांनीही मग एक रिवाज पाडला. अधिवेशन चालू असलं की दर रविवारी तालमीच्या कट्ट्यावर उभं राहून वही वाचायची. कुठल्या विधेयकाला हो म्हटलं, कुठल्याला नाही आणि का, सगळं चारचौघांत. गैरहजर असले तर त्याचंही कारण. लोक चहा पीत ऐकायचे, मध्येच हटकायचे, तोंडावर भांडायचे, आणि हंबीररावांना त्या दिवशी घरात लग्न असल्यासारखा आनंद व्हायचा.

२००१ सालचा तो रविवार मात्र त्यांना नकोसा झाला होता. फेरीवाल्यांना नोटीस न देता उठवायची मुभा देणारं विधेयक सभागृहात आलं होतं. त्याच्या विरोधात मत देईन, असा शब्द त्यांनी शेंगा विकणाऱ्या चिमणाबाईंना दिला होता. याच चिमणाबाई निवडणुकीत त्यांच्यासाठी दारोदार फिरल्या होत्या. मतदान सोमवारी होईल या भरवशावर हंबीररावांनी गुरुवारी रात्री मुंबईहून कोल्हापूरची गाडी पकडली, कारण शुक्रवारी तालमीच्या फुटबॉल संघाची फायनल होती. विधेयक नेमकं शुक्रवारी मताला आलं आणि मंजूर झालं. त्या वेळी आमदारसाहेब भर उन्हाळ्यात तोंडाला मफलर गुंडाळून मैदानात बसले होते, आपल्याला कुणी ओळखत नाही अशा गोड समजुतीत.

वहीत त्यांचे मित्र आकाराम यांनी ‘प्रकृती ठीक नसल्याने’ असं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं.

हंबीरराव त्या पानापर्यंत आले. समोर पहिल्याच रांगेत चिमणाबाई. खोटं वाचलं तर आमदारकी वाचेल, पण पुन्हा या कट्ट्यावर उभं राहायचं कुठल्या तोंडानं? त्यांनी वही मिटली.

“गैरहजर,” ते म्हणाले. “कारण फुटबॉल. सोमवारी मत हाय म्हणून आलतो. माझं चुकलं.”

चिमणाबाई उठल्या.

“मला ठावं हाय. मैदानात शेंगा माझ्याकडनंच घेतल्या की तुम्ही. मफलर तोंडाला हुता, आवाजाला न्हवता.”

हशा उसळला. आकारामसुद्धा हसले.

“मग दोन दिवस बोलला का न्हाईसा?” हंबीररावांनी विचारलं.

“तुम्ही काय सांगतासा त्ये ऐकायचं हुतं. गल्लीतल्या बायका इचारत हुत्या, पुन्यांदा ह्यांच्यासाठी फिरायचं का? म्हटलं, रविवारी सांगतो.”

हंबीररावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. विधेयक अजून विधान परिषदेत आहे, तिथं बदल होऊन परत आलं तर पुन्हा मतदान होईल, असं त्यांनी सांगितलं.

“व्हय? मग त्या दिवशी मी बी मुंबईला येतो. वर ग्यालरीत बसतो, तुमच्या डोस्क्यावर.” चिमणाबाई खाली बसल्या आणि मागं वळून बायकांना म्हणाल्या, “फिरायचं गं.”