ब च्या पानावरची रास

हे मी बोलतोय आणि सून उतरवून घेतेय. माझ्या हातानं लिहायला बसलो तर वर्ष जाईल, तेवढा दम आता राहिला नाही. तिच्याबद्दल जे सांगायचंय तेही तिच्या तोंडावरच सांगतोय. एक शब्द गाळायचा नाही, ही माझी अट.

शाळा मी दुसरीत सोडली. बापानं जासईच्या बाजूला मिठागरावर नेलं आणि मीही परत वळून बघितलं नाही. अक्षरं ओळखतो, सही करतो, बसवरची पाटी वाचतो. पण सबंध ओळ आली की दमतो, जोडाक्षर आलं की थांबतो. थांबलेलं कुणाला दिसू नये म्हणून जन्मभर ‘चष्मा घरी राहिला’ म्हणत आलो. तलाठ्याकडे म्हटलं, बँकेत म्हटलं, पोराच्या शाळेतही म्हटलं.

आता ते मिठाचं आगर नाही, तिथं कंटेनर उभे आहेत. आम्ही रोडपालीत पाचव्या मजल्यावर राहतो. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, म्हणून नात शाळेतून आली की सात वाजेपर्यंत माझ्याकडे. दिवसभरात तेवढेच दोन तास कुणीतरी माझ्याशी बोलतं. सुनेनं तिला एक पुस्तक आणलं. अ पासून ज्ञ पर्यंत, पानभर चित्र आणि खाली दोन ओळींचं गाणं.

“बाबा, रोज दोन पानं वाचून दाखवत जा,” सून म्हणाली.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

अक्षर मला कळायचं, चित्र दिसायचं. खालचं गाणं मी मनानं जुळवायचो आणि मांडीवर थाप देत म्हणायचो. आमच्या लग्नात बायका धवल्याची गाणी गातात तसा शेवटचा शब्द लांबवायचा. पोरगी खूश. ब च्या पानावर पांढराशुभ्र, दोन्हीकडून उतरता ढीग होता, वर निळं आभाळ आणि पायथ्याशी एक काळापांढरा पक्षी. बघून मला बरं वाटलं. पुस्तकवाल्यानं आमच्याकडचंही काहीतरी घेतलं म्हणायचं!

ब म्हणजे बघ गो बाय,
रास मिठाची खारट हाय.
राशीखाली पाणकावळा,
मासा गिळून बसला खुळा.

ते पान ती रोज काढायची. मग मीही सांगत बसायचो. मीठ ओढायचं कसं, डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून चालायचं कसं, पावसाआधी राशीवर गवत शाकारायचं कसं.

एक दिवस खारघरच्या तिच्या शाळेत बाईंनी तसंच मोठं चित्र धरलं आणि हे काय म्हणून विचारलं. आमची उभी राहून म्हणाली, “मिठाची रास!” सगळी पोरं हसली. बाई म्हणाल्या, बर्फ आहे. ही म्हणाली, नाही, माझ्या आजानं पुस्तकात वाचून दाखवलंय. खाली बसेचना, माझ्यावर गेलीय. शेवटी रडली. बाईंनी सुनेला फोन केला.

त्या संध्याकाळी सुनेनं पुस्तक माझ्यापुढं उघडलं.

“बाबा, इथं काय लिहिलंय?”

“रास हाय मिठाची.”

“चित्र नको. खालचं वाचा.”

“चष्मा नाय.”

“डोक्यावर आहे तुमच्या.”

मी चष्मा खाली ओढला आणि पानाकडे बघत राहिलो. “चित्र काढणाऱ्यानं आगर बघितलं असतं तर समजलं असतं त्याला. रास अशीच दिसते.”

“बाबा, खाली पेंग्विन आहे.”

“पाणकावळा हाय तो.”

मुलगा मोबाइलमध्ये बघत होता, त्याचे खांदे हलत होते. सून मात्र हसली नाही. तिला सगळं समजलं, आणि तिला समजलं हे मला समजलं. हळूच म्हणाली, “खालच्या मजल्यावर एक बाई क्लास घेतात, पाच ते सात. एक तारखेपासून हिला तिकडे पाठवते. तुम्हाला पण त्रास नको.”

“तरास झाला म्हणून मी बोललो काय कदी? पंधरा दिवस थांब,” एवढंच म्हणालो आणि उठलो.

दुसऱ्या दिवसापासून घर रिकामं झालं की पुस्तक घेऊन बसायचो. एका पानाला एक दुपार जायची. डोळ्यांतून पाणी यायचं, मान धरायची. टोपल्या वाहून घरी आलो तरी जेवायची ताकद असायची, इथं दोन ओळींनंतर जेवणसुद्धा नको व्हायचं. दोनदा पुस्तक कपाटावर टाकून दिलं. दोन्ही वेळेला स्टूल लावून परत काढलं. चौदा दुपारींत अ पासून ख पर्यंत पोचलो.

पंधराव्या दिवशी नातीला म्हटलं, चल, वाचू. तिनं थेट ब चं पान काढलं.

“हे नको, क चं घे.”

“हेच.”

मी बोट ठेवलं. ब. मग परत ब, त्याच्या पुढं फ, आणि फ च्या डोक्यावर रफार. थांबलो.

“आजा, पटकन म्हण ना.”

“पटकन येत नाय मला, बाय.”

“का?”

“शिकलोच नाय.”

हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. पोरीनं जरा विचार केला. “मग राशीचं म्हण.”

“नाय. हितं लिवलंय त्येच म्हणायचं.”

ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली. ब बर्फाचा डोंगर थंड. एवढ्याला किती वेळ गेला कोण जाणे. मान वर केली तर दारात सून, हातात चपला. कधी आली, किती ऐकलं, मी विचारलं नाही. (हे ती आत्ता गाळू या म्हणतेय.)

“किती झालं, बाबा?”

“एक ओळ.”

“मग दुसरी पण घ्या. चहा ठेवते.” आत गेली आणि तिथूनच म्हणाली, “क्लासवाल्या बाईंचा फोन आला होता. मी नको म्हणून सांगितलं.”

मी दुसरी ओळ धरली. बोट पेंग्विनच्या जोडाक्षरावर होतं, उचललं असतं तर जागा हरवली असती.